अ‍ॅम्पच्या पाठीवरची पाटी आधी वाच

प्रश्न : दादा, मी २३ वर्षांचा आहे. राहायला सिडकोत, नोकरी सातपूरला. चार वर्षं गिटार वाजवतोय. आता मित्रांच्या बँडला बेसवाला हवाय, म्हणून बेस गिटार घ्यायची आहे. नाशिकरोडच्या एका काकांकडे सेकंडहँड बेस आणि अ‍ॅम्प आहे. काका पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता बोटं साथ देत नाहीत म्हणून विकतायत. बेसवर फेंडर या अमेरिकन कंपनीचं नाव लिहिलंय, मॉडेल जाझ बेस आहे आणि काका म्हणतात की अस्सल अमेरिकन आहे. अ‍ॅम्प १५० वॅटचा, १५ इंची स्पीकरचा, त्यांच्या भाच्याने अमेरिकेहून आणलेला. दोन्ही मिळून ५५ हजार सांगतायत. माझ्याकडे ४० आहेत. माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि १५ वॅटचा अ‍ॅम्प विकून बाकीचे उभे करीन म्हणतो. पण जाहिरात टाकल्यावर पहिलाच फोन आला तो ‘देवळालीला आर्टिलरीत पोस्टिंग आहे, क्यूआर कोड पाठवतो’ म्हणणाऱ्याचा. वडील अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. ते म्हणतात, दुसऱ्याने वापरून टाकलेली विजेची वस्तू घरात आणायची नाही. काय करू?
— एक वाचक, सिडको

उत्तर : मित्रा,

वडिलांचं वाक्य आधी घेतो, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. बेस म्हणजे लाकूड, तारा आणि आत चार वायरी. बिघडला तरी बहुतेक वेळा सुधारतो. अ‍ॅम्प मात्र विजेवर चालणारं जुनं यंत्र आहे आणि सेकंडहँड व्यवहारात पैसे बुडतात ते तिथे. तू बेसचं नावगाव सगळं लिहिलंस, अ‍ॅम्पच्या कंपनीचं नावसुद्धा लिहिलं नाहीस. म्हणून मी अ‍ॅम्पपासून सुरुवात करतो.

‘अमेरिकेहून आणलेला’ इथे मी थांबलो. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मी तुझ्या वयाचा असताना बोटीवरची नोकरी संपवून आलेल्या एका माणसाकडून असाच अ‍ॅम्प घेतला होता. त्यांच्या घरी वाजवून बघितला तेव्हा आवाज सुरेख होता. तो स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरवर चालत होता आणि तो डबा कपाटामागे होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवसांनी पंचवटीत एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमाला तो थेट मंडपाच्या बोर्डात लावला. खरं तर फ्यूज उडून अ‍ॅम्प वाचायला हवा होता. पण आधी कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. मंडपाचा एमसीबी पडेपर्यंत जळक्या वॉर्निशचा वास सुटला होता. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून आणला, कॅपॅसिटर बदलले, तरी त्या अ‍ॅम्पमधून पहिल्या दिवशीचा आवाज पुन्हा कधी आला नाही. साठवलेले सगळे पैसे त्यात गेले होते. आजही कुणी ‘फॉरेनचा अ‍ॅम्प’ म्हटलं की मी आधी त्याची पाठ बघतो.

तूही तेच कर. वायर जिथे आत शिरते तिथे व्होल्टेज छापलेलं असतं. ‘२३०’ किंवा ‘२२०-२४०’ असेल तर पुढे बोल. १२० आणि २३० यांमध्ये फिरणारा सिलेक्टर असेल तर तो कोणत्या आकड्यावर आहे ते बघ आणि प्लग लावण्याआधी काकांसमोर खात्री कर. नुसतं १२० असेल तर किमतीत ट्रान्सफॉर्मरचा खर्च धर. तो अ‍ॅम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी मोठा लागतो, जड असतो आणि प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा लागतो. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. असा अ‍ॅम्प मी स्वतः आता घेणार नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

मग फ्यूज. होल्डर उघडून बघ. आत काचेची नळी हवी आणि तिच्यावरचा आकडा पाठीवर छापलेल्या आकड्याशी जुळायला हवा. तार किंवा चांदीचा कागद दिसला तर समज की हा अ‍ॅम्प आधी कधीतरी फ्यूज उडवत होता आणि कुणीतरी कारण न शोधता त्याचं तोंड बंद केलंय.

अर्थिंगच्या बाबतीत घासाघीस नको. बेसच्या तारा ब्रिजमधून (अंगावरचा तारा अडकवायचा धातूचा भाग), केबलमधून अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत कुठे गळती असेल, तर तुझी बोटं त्या गळतीवर आणि ओठ माइकवर, असा खेळ होतो. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगवर मी वादकांना ओठाला झटका बसून मागे फेकलेलं बघितलंय. प्लगची मोठी पिन कापलेली असेल तर ती बदलल्याशिवाय अ‍ॅम्प सुरूसुद्धा करू नकोस. तपासणी सोपी आहे. प्लग भिंतीतून काढलेला असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं मागच्या पत्र्याच्या रंग नसलेल्या स्क्रूला. बीप वाजली पाहिजे. हे वडिलांनी कंपनीत हजार वेळा केलं असेल, म्हणून मी म्हणतो की त्यांना बरोबर ने. ते ज्याला घाबरतायत ते ओळखायला त्यांच्याइतका योग्य माणूस तुला नाशिकात सापडणार नाही.

आता कानाचं काम. बेस न लावता अ‍ॅम्प सुरू कर, व्हॉल्यूम मध्यावर ठेव आणि ऐक. थोडी गुणगुण प्रत्येक अ‍ॅम्पला असते. ती कोणत्या सुरात आहे ते बेसवाल्याला ओळखता येतं, आणि ही गंमत मला फार उशिरा कळली. बेसची मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली, ‘जी’ (G) तार ९८ हर्ट्झवर वाजते. अ‍ॅम्पमधले फिल्टर कॅपॅसिटर म्हातारे होऊन सुकले की येणारी गुणगुण १०० हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ त्या मोकळ्या ‘जी’ तारेचा सूर. अर्थिंगची किंवा खराब केबलची गुणगुण मुख्यतः ५० हर्ट्झची, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) मिळणाऱ्या खालच्या ‘जी’च्या किंचित वर. दोन्ही मिसळून येऊ शकतात, पण कोणती वरचढ आहे हे कळतं. मोकळ्या ‘जी’सारखी ठळक घुमत असेल तर कॅपॅसिटर बदलण्याचा खर्च धर. वीस वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये हे अगदी स्वाभाविक आहे, काकांना त्यासाठी दोष देऊ नकोस.

स्पीकरसाठी काकांची परवानगी घेऊन जाळी काढ. कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) चीर आहे का, कडेची घडी शाबूत आहे का ते बघ. ही कडा फोमची असेल तर वर्षांनी तिचा भुगा होतो, कापडाची असेल तर ती बरीच टिकते. मग अ‍ॅम्प बंद ठेवून दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून हलकेच आत दाब. खर्र असा स्पर्श जाणवला तर कॉइल घासतेय. वडिलांचा मीटर इथेही उपयोगाला येईल. स्पीकरची एक वायर सोडवून मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, तो दोष नाही. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली.

शेवटी बेस लावून निदान अर्धा तास वाजव. पाच मिनिटांत अ‍ॅम्प बघून झाला असं कुणी म्हटलं तरी उठू नकोस, कारण बरेच दोष यंत्र तापल्यावरच बाहेर येतात. मोकळ्या ई तारेपासून एकेक फ्रेट चढत सावकाश जा. एखाद्याच सुरावर कॅबिनेट खडखडलं तर बहुधा स्क्रू किंवा हँडल सैल आहे. सगळ्याच खालच्या सुरांवर आवाज फाटला तर स्पीकर गेला.

आणि तुला १५० वॅट खरंच हवेत का, हेही विचार. मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर हलते. इतक्या खालच्या सुराला आपला कान मंद असतो, त्यामुळे तो ऐकू यायला ताकद जास्त लागते. ड्रमरबरोबर तालीम करायची तर शंभराच्या पुढे वॅट असलेले बरे. पण कालिदास कलामंदिरसारख्या सभागृहात किंवा मोठ्या मंडपात बेस डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला जातो आणि तुझा अ‍ॅम्प तुला स्वतःला ऐकू येण्यापुरता उरतो. १५ इंची स्पीकरचा जुना कॉम्बो (एकाच पेटीतला स्पीकरसह संच) ३० किलोच्या घरात जातो. सिडकोत तू तिसऱ्या मजल्यावर राहत असशील आणि लिफ्ट नसेल, तर तो उचलून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. दरम्यान एक कर : तुझ्या १५ वॅटच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये बेस लावून सराव करू नकोस. जोरात वाजवलास तर त्याचा कोन फाटेल आणि तुला तर तो विकायचाय.

आता बेस. फेंडरने जाझ बेस १९६० साली आणला, प्रिसिजन हे दुसरं मॉडेल त्याआधी १९५१ मध्ये. दोन्हींच्या नकला जगभर झाल्या आणि फेंडरची स्वतःची स्वस्त शाखा स्क्वायर हीसुद्धा त्याच आकारात बेस बनवते. डोक्यावरचा लोगो म्हणजे स्टिकर, तो कुणीही चिकटवू शकतो. नवा अमेरिकन फेंडर आपल्याकडे लाखाच्या बराच वर जातो. त्यामुळे अ‍ॅम्पसकट ५५ हजारांत तो मिळतोय म्हटल्यावर माझा पहिला अंदाज मेक्सिकोचा, दुसरा स्क्वायरचा. बेसचा सीरियल नंबर बघ. एमएन, एमझेड किंवा एमएक्स अशी इंग्रजी अक्षरं सुरुवातीला असतील तर बेस मेक्सिकोतल्या कारखान्यातला आहे. नुसतं एन किंवा झेड, किंवा यूएस असेल तर अमेरिकेतला असण्याची शक्यता आहे. काका खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. त्यांना विकणाऱ्याने जे सांगितलं तेच ते प्रामाणिकपणे तुला सांगत असतील. मेक्सिकोचा बेस आयुष्यभर वाजवावा इतका चांगला असतो, फक्त त्याची किंमत अमेरिकनची नसते.

नेक, म्हणजे बेसचा दांडा, तपासायला डोक्याच्या बाजूने बंदुकीच्या नळीसारखं बघ. दोन्ही कडा एका प्रतलात हव्यात. पीळ पडलेला दिसला तर बेस तिथेच ठेव, ते दुखणं सहज बरं होत नाही. मग ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघ. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं. जास्त असेल तर ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळीने) दुरुस्त होतं, पण ट्रस रॉड फिरतो का हे तिथेच कळायला हवं. काकांनाच पाव फेरा फिरवून दाखवायला सांग. त्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं असेल किंवा तो जाम असेल तर किंमत निम्म्यावर आण. नाशिकच्या हवेत हा रॉड लागतोच. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि निफाडकडची थंडी उतरली की सुकतं. माझ्या बेसला वर्षातून दोनदा पाव-पाव फेरा द्यावा लागतो.

पहिल्या पाच फ्रेटवर तारांनी चर पाडलेत का बघ. ऑर्केस्ट्रातल्या माणसाचा बेस म्हणजे ते असणारच. उथळ असतील तर घासून सारखे होतात, पण ते काम नेहमीच्या दुकानातल्या मुलाला जमेलच असं नाही. नाशिकात हे कोण करून देईल हे घेण्याआधी विचारून ठेव, नाहीतर मुंबईचा एक हेलपाटा किमतीत धर. बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी जुळतो का, हे फोनमधल्या ट्यूनरवर बघ. नॉब फिरवताना खर्रखर्र आलं किंवा जॅक सैल असला तर घाबरू नकोस, तो क्लीनरच्या फवाऱ्याचा आणि सोल्डरच्या एका थेंबाचा मामला आहे.

जाझ बेसची एक खोड माहीत असू दे. त्याच्या दोन पिकअपचे (तारांची हालचाल पकडणाऱ्या चुंबकी पट्ट्यांचे) दोन वेगळे व्हॉल्यूम असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण जवळजवळ नाहीशी होते, एक कमी केला की येते. तो दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. ही गोष्ट माहीत नसल्याने चांगले बेस परत करणारे मी बघितलेत. उलट बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) आहे किंवा त्यात नंतर काही बसवलंय. मग नवी बॅटरी खिशात घेऊन जा, आणि पुढे कायम वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लाव, नाहीतर बॅटरी आतल्या आत संपते.

पैशाचं : दोन्हींची किंमत काकांना वेगवेगळी विचार. जोडीचा भाव सांगितला की अ‍ॅम्पचा दोष बेसच्या आड लपतो. बेस ज्या मॉडेलचा निघेल त्याचा नवा भाव दोन दुकानांत फोन करून घे. नेक आणि फ्रेट चांगले असतील तर त्याच्या साधारण निम्म्यापासून बोलायला सुरुवात करावी आणि साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असा माझा हिशेब. त्यातून तारांचा नवा सेट आणि सेटअपचा (बेस नीट जुळवून घेण्याचा) खर्च वजा कर. अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असेल तर फक्त बेस घे, तुझे ४० हजार त्याला पुरावेत. अ‍ॅम्प दोन महिन्यांनी बघ.

काकांशी बोलताना वस्तूला नावं ठेवून भाव पाडू नकोस. ज्या माणसाची बोटं थकलीत त्याच्यासमोर त्याच्याच बेसचे दोष मोजणं बरं दिसत नाही. सरळ विचार, ‘काका, ह्यात काय काय बिघडलंय?’ ज्याने वीस वर्षं तो वाजवलाय त्याला कोणता फ्रेट बझ करतो, म्हणजे झणझणतो, हे झोपेतही ठाऊक असतं आणि असे लोक बहुधा खरं सांगतात. व्यवहार झाला तर साध्या कागदावर नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घे. जुनं बिल सापडलं तर तेही. चोरीची वस्तू नाही याला पुढे तेवढाच पुरावा असतो, आणि उद्या तुला विकायची झाली तर तोच कागद तुझ्या कामी येईल.

तुझ्या विक्रीचं. तो आर्टिलरीवाला फोन ठग आहे. देवळालीला खरोखर लष्कर आहे म्हणून नाशिककरांना ते पटकन पटतं आणि त्याचाच फायदा घेतला जातो. यूपीआयचा पिन पैसे देतानाच टाकावा लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. चुकून पिन टाकलास तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर. गिऱ्हाईक घरी येऊन वाजवून बघू दे, पैसे तुझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसले की मगच वस्तू दे. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. जाहिरातीत ओरखड्यांचे फोटो स्वतःहून टाक. जे उघड सांगितलंय त्यावर नंतर भांडण होत नाही आणि वाजवणारी माणसं अशाच जाहिरातीला फोन करतात.

रविवारी सकाळी जा, उजेड असतो आणि शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. स्वतःची चांगली केबल ने, काकांची केबल खराब असली तर दोष अ‍ॅम्पच्या माथी बसतो. वडिलांना सांग की मीटर आणि टेस्टर बरोबर घ्या, आणि अ‍ॅम्पची पाठ त्यांनाच आधी बघू दे. ते नाही म्हणाले तर बेस एकटाच घेऊन ये.